कमांड लाइनवरील मराठी शब्दकोश

कमांड लाइनवरील शब्दकोश म्हणजे संगणकाच्या टर्मिनलमध्ये आज्ञा टंकून शब्दाचा अर्थ मिळवून देणारी छोटी सॉफ्टवेअर साधने होत. 'डिक्ट', 'एसडीसीव्ही' आणि 'ग्रेप' ही त्यांपैकी अधिक वापरातली नावे. ही साधने लिनक्सवर मूळची आहेत. मॅकवर आणि विंडोजमधील लिनक्स उपप्रणालीवरही ती चालवता येतात. कोशाची फाइल संगणकावर एकदा उतरवून घेतली की इंटरनेट जोडणीची गरज राहत नाही. जुन्या, कमी क्षमतेच्या डेस्कटॉपवरही ती अर्थ क्षणात दाखवतात. मात्र या साधनांना शब्द कळत नाही, अक्षरांचा क्रम तेवढा कळतो. मराठीचे लेखन गेल्या शतकात बदलले असल्यामुळे जुन्या कोशातील शब्द आजच्या लेखनाने शोधल्यास तो अनेकदा सापडत नाही आणि क्वचित त्याच्या जागी दुसराच शब्द हाती येतो. त्यामुळे मराठीपुरता या साधनांचा वापर हा आज्ञा पाठ करण्यापेक्षा लेखननियम जाणण्याचा विषय अधिक आहे.

पार्श्वभूमी

युनिक्स प्रणालीत 'लुक' नावाची आज्ञा फार पूर्वीपासून आहे. वर्णक्रमाने लावलेल्या शब्दयादीतून, दिलेल्या अक्षरांनी सुरू होणारे शब्द ती दाखवते. तिच्याकडे अर्थ नसतो, केवळ यादी असते. अर्थासह शब्द पुरवण्याची रीतसर व्यवस्था १९९७च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डिक्ट' या संकेतप्रणालीने घालून दिली. रिकर्ड फेथ व ब्रेट मार्टिन यांनी तिचा मसुदा लिहिला. इंटरनेटच्या मानक दस्तऐवजांत तिचा क्रमांक २२२९ असून तिच्यासाठी २६२८ हे पोर्ट राखलेले आहे. या व्यवस्थेत एक सर्व्हर अनेक कोश सांभाळतो आणि ग्राहक आज्ञा त्याला शब्द विचारते. तो सर्व्हर दूरच्या देशात असो वा त्याच टेबलावरील संगणकात, विचारण्याची पद्धत एकच.

डिक्टमध्ये शब्द जुळवण्याच्या अनेक पद्धती आहेत: तंतोतंत, सुरुवातीने, शेवटाने, मधल्या तुकड्याने आणि एका अक्षराच्या फरकाने. याच प्रकल्पातून 'डिक्टझिप' ही संक्षेपपद्धती निघाली. ती फाइल तुकड्यातुकड्यांनी आवळते, त्यामुळे एका शब्दासाठी संपूर्ण कोश उलगडावा लागत नाही. हवा तेवढाच तुकडा मोकळा केला जातो.

दुसरी परंपरा 'स्टारडिक्ट'ची. हू झेंग या चिनी प्रोग्रामरने वाढवलेले हे खिडक्यांचे सॉफ्टवेअर. त्याची फाइल-रचना इतकी साधी होती की मूळ सॉफ्टवेअर मागे पडल्यावरही ती टिकली. तिचीच कमांड लाइनवरील आवृत्ती म्हणजे एसडीसीव्ही. मराठी कोशांसाठी प्रस्तुत लेखात मुख्यतः हीच रचना विचारात घेतली आहे, कारण एका व्यक्तीला एका संगणकावर सर्व्हर न मांडता ती वापरता येते.

मराठी कोशसामग्री

टर्मिनलवर मराठी शब्द शोधायचा तर प्रथम मराठी कोश अक्षररूपात हवा. पानांची छायाचित्रे उपयोगाची नाहीत. या बाबतीत मराठीची स्थिती बरी आहे. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयाने मराठीचे पाच महत्त्वाचे कोश अक्षरबद्ध केले आहेत. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश त्यांत अग्रस्थानी आहे. त्याची पहिली आवृत्ती १८३१ची. जॉर्ज व थॉमस कँडी हे जुळे बंधू आणि एतद्देशीय पंडित यांच्या साहाय्याने ती सिद्ध झाली. १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या सुमारे ६०,०००वर गेली. डिजिटल रूपात उपलब्ध आहे ती ही दुसरी आवृत्ती. तिच्याखेरीज श्रीधर गणेश वझे यांचा १९११चा आर्यभूषण शालेय कोश, य. रा. दाते व चिं. ग. कर्वे प्रभृतींचा सात खंडांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' (१९३२ ते १९३८, पुरवणी १९५०), मॅक्सिन बर्नसन यांचा प्राथमिक मराठी-इंग्रजी कोश (१९८२-८३) आणि शं. गो. तुळपुळे व ॲन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९) हे तेथे आहेत.

यांपैकी मोल्सवर्थच्या मूळ ग्रंथावर आता कोणाचाही स्वामित्वहक्क उरलेला नाही. इतर कोशांविषयी, तसेच शिकागोच्या संगणकीय प्रतीविषयी, त्या त्या अटी पाहूनच प्रत करणे योग्य. भारतीय कायद्यानुसार हक्काची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे असते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेले मराठी शब्दबंध, म्हणजेच वर्डनेट, ही वेगळ्या जातीची सामग्री आहे. तीत शब्दाखाली अर्थ नसून अर्थाखाली शब्द, म्हणजे समानार्थी शब्दांचे गट असतात. पायथन भाषेतील एका छोट्या ग्रंथालयाद्वारे तीही टर्मिनलवरून विचारता येते.

कोशाची अंतर्रचना

स्टारडिक्ट पद्धतीचा कोश साधारणतः तीन फायलींचा असतो. पहिलीत कोशाचे नाव, शब्दसंख्या वगैरे माहिती असते. तिसरीत सर्व अर्थ एकापुढे एक सलग, बहुधा डिक्टझिपने आवळलेले असतात. दुसरी फाइल अनुक्रमणिकेची: प्रत्येक शब्द, त्यापुढे अर्थ कोठे सुरू होतो तो आकडा आणि अर्थाची लांबी. शब्द विचारला की साधन अनुक्रमणिकेच्या मध्यावर उडी मारते, शब्द मागे आहे की पुढे ते पाहते, उरलेल्या अर्ध्याच्या मध्यावर जाते, आणि असे करत काही पायऱ्यांत शब्दापाशी पोहोचते. ६०,००० शब्दांसाठी १६ पायऱ्या पुरतात. जाडजूड कोशात सराईत वाचक अंदाजाने पान उघडतो, त्यासारखेच हे आहे.

याशिवाय चौथी, ऐच्छिक फाइल असते पर्यायी शब्दांची. तीत एक शब्द आणि तो अनुक्रमणिकेतील कोणत्या क्रमांकाच्या शब्दाकडे नेतो तो आकडा एवढेच असते. इंग्रजी कोशांत ही फाइल नसली तरी फारसे अडत नाही. मराठी कोशांचे बरेचसे भवितव्य मात्र याच फाइलीवर आहे. ते पुढे स्पष्ट होईल.

कोशाच्या फायली वापरकर्त्याच्या घर-फोल्डरमधील 'स्टारडिक्ट' नावाच्या लपलेल्या फोल्डरात, त्यातील 'डिक' या उपफोल्डरात ठेवल्या की एसडीसीव्ही त्या आपोआप ओळखते. आज्ञेपुढे वजाचिन्ह व 'एल' दिल्यास असलेल्या कोशांची यादी येते, 'यू' दिल्यास एकाच कोशापुरता शोध मर्यादित होतो, आणि 'एन' दिल्यास कोणताही प्रतिप्रश्न न विचारता सर्व उत्तरे छापली जातात. शब्दाआधी तिरकी रेघ टंकली तर जवळपासच्या लेखनाचे शब्द मिळतात. उभी रेघ टंकली तर शब्दाऐवजी अर्थाच्या मजकुरात शोध होतो. हा शेवटचा प्रकार छापील कोशात मुळीच शक्य नाही. मोल्सवर्थच्या अर्थभागात एखाद्या धान्याचे वा अवजाराचे इंग्रजी नाव शोधले की त्या वस्तूसाठी त्याने नोंदलेले सारे मराठी शब्द, प्रांतिक भेदांसह, एकत्र समोर येतात. मराठी-इंग्रजी कोश अशा रीतीने उलटा वाचता येतो. ग्रामीण शब्दसंग्रह जमवणाऱ्या अभ्यासकाला याहून सोयीचे साधन क्वचितच असेल. तारांकित शोधही चालतो. शब्दाआधी तारका ठेवून 'कार' टंकले की 'कुंभकार', 'चर्मकार' यांसारखे शब्द निघतात, त्यांत 'धिक्कार'ही डोकावतो, कारण साधनाला अर्थाचा भेद दिसत नाही.

जुने लेखन आणि नवे लेखन

मोल्सवर्थच्या काळी मराठीत अनुच्चारित अनुस्वार लिहिले जात. ते उच्चारात नव्हते, पण व्युत्पत्तीची किंवा व्याकरणाची खूण म्हणून लेखनात होते. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले १४ लेखननियम महाराष्ट्र शासनाने १९६२मध्ये स्वीकारले. १९७२मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. 'गांव'चे 'गाव' झाले, 'दांत'चे 'दात', 'कांहीं'चे 'काही'. या सुधारणेने शाळकरी मुलांचे मोठे ओझे उतरले यात शंका नाही. परंतु १९६२पूर्वीचे कोश जुन्याच लेखनात राहिले, आणि त्यांच्या संगणकीय प्रतींत तेच लेखन जसेच्या तसे उतरले. तसे ते उतरणे योग्यच होते.

याचा पहिला परिणाम क्रियापदांवर दिसतो. मोल्सवर्थमध्ये क्रियापदे 'करणें', 'येणें', 'बसणें' अशी शेवटी अनुस्वार देऊन नोंदलेली आहेत. म्हणजे आजच्या लेखनाने कोणतेही सामान्य क्रियापद विचारले तर तंतोतंत शोधात ते मिळणार नाही. तीच गोष्ट नपुंसकलिंगी नामांची: 'डोकें', 'तळें', 'केळें', 'वासरूं', 'पाखरूं'. तत्सम शब्दांच्या शेवटच्या ऱ्हस्वदीर्घाची कथा वेगळी, परिणाम तोच. आज 'कवी', 'गती', 'गुरू' असे दीर्घान्त लिहिले जाते. जुन्या कोशात 'कवि', 'गति', 'गुरु' आहेत.

तंतोतंत शब्द न मिळाल्यास एसडीसीव्ही आपण होऊन जवळच्या लेखनाचे शब्द शोधते आणि त्यांची क्रमांकित यादी पुढे ठेवते. 'करणे' विचारल्यावर त्या यादीत 'करणें' असतो, पण त्याच्या शेजारी एकदोन अक्षरांच्या फरकाने जुळणारे असंबद्ध शब्दही असतात. जाणकाराला त्यांतून निवड करता येते.

खरी अडचण येते ती शब्द सापडतो तेव्हा. मोल्सवर्थमध्ये 'नांव' म्हणजे नाम, आणि 'नाव' म्हणजे होडी. आजच्या विद्यार्थ्याने 'नाव' टंकले की तंतोतंत जुळणारी नोंद हाती लागते, साधन समाधान पावते आणि होडीचा अर्थ दाखवून थांबते. जवळचा शोध सुरूच होत नाही, म्हणून 'नांव' ही नोंद अस्तित्वात असल्याचा मागमूसही लागत नाही. 'पाच' या संख्येचेही असेच: जुन्या कोशात संख्या 'पांच' आहे आणि 'पाच' हे एका रत्नाचे, पाचूचे नाव आहे. उत्तर न मिळाले तर माणूस पुन्हा शोधतो. चुकीचे उत्तर मिळाले तर तो पुढे जातो. जुन्या कोशांच्या आधारे शब्दसूची किंवा भाषांतराची यंत्रसामग्री तयार करणाऱ्यांच्या हातून असे शब्द निसटू शकतात आणि निसटल्याचे ध्यानातही येत नाही.

यावर तीन उपाय प्रचलित आहेत. पहिला, तिरकी रेघ देऊन जवळचा शोध मुद्दाम करणे. दुसरा, कोश साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवून 'ग्रेप'ने शोधणे. विस्तारित नमुन्यांच्या पर्यायासह "नां?व" असे टंकले की प्रश्नचिन्हाच्या आधीचे चिन्ह असो वा नसो, दोन्ही रूपे जुळतात. येथे नवख्याचा गोंधळ होतो, कारण पडद्यावर प्रश्नचिन्ह 'नां' या संपूर्ण अक्षरामागे दिसते. संगणकाच्या लेखी मात्र न, काना व अनुस्वार ही तीन स्वतंत्र चिन्हे आहेत, आणि प्रश्नचिन्ह त्यांतील शेवटच्या, म्हणजे अनुस्वारालाच लागू होते. मराठीच्या दृष्टीने ही व्यवस्था सोयीचीच ठरते. टर्मिनलची भाषाव्यवस्था युनिकोडची असणे एवढी अट आहे. ती नसेल तर संगणक देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत फोडून पाहतो आणि प्रश्नचिन्ह शेवटच्या बाइटाला चिकटते.

तिसरा उपाय अधिक कष्टाचा पण कायमचा: पर्यायी शब्दांची फाइल तयार करणे. कोश प्रथम साध्या फाइलीत लिहायचा, प्रत्येक ओळीत शब्द, टॅब व अर्थ. शब्दाला दुसरे रूप असेल तर उभी रेघ देऊन ते शेजारी लिहायचे, जसे "नांव|नाव". 'पायग्लॉसरी' हे मुक्त सॉफ्टवेअर अशा फाइलीचे स्टारडिक्ट कोशात रूपांतर करते आणि पर्यायी रूपांची फाइल आपोआप घडवते. यानंतर 'नाव' विचारल्यास होडी व नाम या दोन्ही नोंदी समोर येतात. साधनाची आवृत्ती जुनी असेल तर त्यांपैकी एकच दिसू शकते, म्हणून आवृत्ती पाहून घ्यावी.

नवी रूपे हाताने लिहिण्याची गरज नाही. बहुतेक रूपे नियमाने काढता येतात. अनुच्चारित अनुस्वार प्रायः दीर्घ स्वरावर येत असल्याने आ, ई, ऊ, ए, ओ यांवरील अनुस्वार काढून पर्यायी रूप करावे, आणि ऱ्हस्व स्वरावरील अनुस्वारास हात लावू नये, असा ढोबळ नियम चालतो. सरसकट सर्व अनुस्वार काढले तर 'वंश'चा 'वश', 'मंद'चा 'मद' आणि 'रंग'चा 'रग' होऊन भलताच घोटाळा माजेल. या ढोबळ नियमालाही अपवाद आहेतच. 'आंबा', 'तांदूळ', 'डोंगर' यांत अनुस्वार दीर्घ स्वरावर असूनही उच्चारला जातो. म्हणून नियम लावलेल्या कोशात 'आबा' विचारले तर आंबाही हजर होतो. मूळ नोंद कायम राहून केवळ एक वाट वाढते, त्यामुळे अशा अपवादांनी नुकसान काही होत नाही. उलट दिशेने, ऱ्हस्व स्वरावरचा अनुच्चारित अनुस्वार असलेले 'हंसणें' यासारखे थोडे शब्द हातानेच घालावे लागतात.

विभक्ती आणि सामान्यरूप

मराठी वाक्यातील शब्द कोशात त्याच रूपात क्वचितच असतो. 'पाण्यात', 'घोड्याला', 'झाडाखालचा' यांचे मूळ 'पाणी', 'घोडा', 'झाड' हे वाचणाऱ्याला कळते; साधनाला ते सांगावे लागते. स्टारडिक्टच्या शोधयंत्रणेत एक मर्मज्ञ तरतूद मूळपासून आहे: विचारलेला शब्द न सापडल्यास ती त्याच्या शेवटची अनेकवचनाची, भूतकाळाची, क्रियाविशेषणाची प्रत्ययचिन्हे काढून पुन्हा पाहते. ही तरतूद केवळ इंग्रजी शब्दांसाठी आहे. शब्द निखळ रोमन अक्षरांचा असेल तरच ती चालते. देवनागरी शब्दाला तो मार्ग बंद आहे. जवळच्या शोधाचाही येथे उपयोग नाही, कारण 'पाण्यात' आणि 'पाणी' यांच्यातील अंतर चार चिन्हांचे भरते.

मराठीसाठी हे काम वेगळ्या साधनाकडून करून घ्यावे लागते. शुद्धलेखन तपासण्यासाठी असलेल्या 'हनस्पेल' या सॉफ्टवेअरला मूळ शब्द काढून दाखवण्याचा पर्याय आहे. फेडोरा या लिनक्स वितरणात त्याच्या मराठी फायली उपलब्ध आहेत, तर डेबियनमध्ये 'आस्पेल'ची मराठी यादी मिळते. हनस्पेलचे उत्तर एका नळीने एसडीसीव्हीकडे पाठवले की दोन पायऱ्यांचे काम एका ओळीत होते. मात्र निकालाचा दर्जा प्रत्ययांची यादी किती पूर्ण आहे यावर अवलंबून असतो, आणि मराठीत प्रत्ययावर शब्दयोगी अव्यय, त्यावर पुन्हा प्रत्यय, शेवटी 'ही' वा 'च' अशी साखळी सहज होते: 'घरासमोरच्यांनाही'. शाळेत सामान्यरूप शिकलेल्या माणसाने अशा वेळी मूळ शब्द मनाशी काढून तोच टंकणे हे अजूनही सर्वांत जलद आहे.

दिसण्यात एक, असण्यात दोन

काही शब्द पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकात निरनिराळे साठवलेले असतात. मराठीत याची तीन ठळक ठिकाणे आहेत.

पहिले, अर्धचंद्राकार रफार. 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना, हा भेद मराठीला जपावाच लागतो. यासाठीचा 'ऱ' युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह व हलन्त असतो; दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. दोन्हींचे चित्र एकच उमटते. स्वतंत्र चिन्हही कधी 'र' व नुक्ता असे फोडून साठवलेले आढळते. ते युनिकोडच्या प्रमाणीकरणाने पुन्हा एक होते. परंतु अदृश्य जोडचिन्हाचे रूप प्रमाणीकरणातही बदलत नाही, ते वेगळा नियम लिहूनच बदलावे लागते.

दुसरे, 'ॲ' हा स्वर. यासाठी स्वतंत्र चिन्ह युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८मध्ये आले. त्यापूर्वीच्या मजकुरात अ आणि त्यावर अर्धचंद्र अशी दोन चिन्हे असतात. काहींनी हिंदी पद्धतीचा, ए-वर चंद्र असलेला स्वर वापरला. 'ॲसिड' शोधताना तिन्ही रूपे पाहावी लागतात. तिसरे, परसवर्ण: 'अंक' व 'अङ्क', 'पंडित' व 'पण्डित'. हे निदान डोळ्यांना तरी वेगळे दिसते.

याउलट 'ल' आणि 'श' यांच्या मराठी वळणाच्या आकृतींविषयी महाराष्ट्रात बरीच चर्चा झाली, पण शोधाशी तिचा संबंध नाही. मराठी वळण व हिंदी वळण हा फॉन्टचा प्रश्न आहे, साठवलेले चिन्ह एकच असते.

वर्णक्रमाचा प्रश्न

अनुक्रमणिकेच्या मध्यावर उडी मारण्याची पद्धत तेव्हाच चालते जेव्हा अनुक्रमणिकेचा क्रम व साधनाच्या मनातला क्रम एकच असतो. मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो. युनिकोडने त्याला 'ल'च्या लगेच पुढे बसवले आहे. अनुस्वार युनिकोडमध्ये सर्व स्वरव्यंजनांच्या आधी आहे. स्टारडिक्ट हा युनिकोडचा क्रमच प्रमाण मानते. त्यामुळे मराठीप्रेमाने कोणी शब्दयादी मराठी भाषाव्यवस्थेत वर्णक्रमाने लावली आणि तिची अनुक्रमणिका केली, तर काही शब्द फाइलीत असूनही सापडत नाहीत. वर्गीकरणाची आज्ञा 'सी' या निर्विकार भाषाव्यवस्थेत चालवणे हा त्यावरचा उपाय. पायग्लॉसरी ही काळजी स्वतः घेते. मराठी क्रम छपाईसाठी राखून ठेवावा.

डिक्टच्या सर्व्हरसाठी कोश बांधताना वेगळे पथ्य आहे. तेथे शोधात मुळात अक्षरे, अंक व मोकळी जागा यांचाच विचार होतो, आणि काना, मात्रा, हलन्त यांची गणना अक्षरांत होते की नाही हे भाषाव्यवस्थेवर ठरते. कोश बांधणाऱ्या आज्ञेला युनिकोडचा आणि 'सर्व चिन्हे' असा, दोन्ही पर्याय देणे सुरक्षित असते.

सीमाभाग आणि कन्नड कोश

एसडीसीव्हीला अनेक कोश दिले तर ती एका विचारण्यात सर्वांतून उत्तर देते. सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात याला विशेष अर्थ आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यातील वळसंग किंवा पलीकडचे अक्कलकोट या भागात मराठीच्या जोडीने कन्नड घराघरांत बोलली जाते, आणि मराठी शाळेत येणाऱ्या अनेक मुलांची घरची भाषा कन्नड असते. 'तूप' हा मराठी शब्द कन्नड 'तुप्प'शी जोडला जातो. असे शब्द दोन्ही कोशांत शेजारी शेजारी पाहता आले तर भाषेच्या तासाला ते मोलाचे ठरतात. कन्नडचा फर्डिनंड किटेल यांचा १८९४चा कोश प्रसिद्धच आहे. व्ही. कृष्ण यांनी दीर्घकाळ एकहाती रचलेला 'अलर' हा कन्नड-इंग्रजी कोश २०१९पासून मुक्त परवान्याखाली उपलब्ध असून त्याची संपूर्ण सामग्री उतरवून घेता येते. दीड लाखाच्या आसपास नोंदींचा हा कोश स्टारडिक्ट रूपात आणणे अवघड नाही.

अडसर लिपीचा आहे. कन्नड कोशातील शब्द कन्नड लिपीत असतात. पण येथे पूर्वी ठरवलेली एक व्यवस्था कामी येते. १९८८च्या 'इस्की' या भारतीय संकेतप्रणालीत सर्व भारतीय लिप्यांना समान जागा दिलेल्या होत्या, आणि युनिकोडने देवनागरी व कन्नड यांचे विभाग त्याच आराखड्यावर मांडले. देवनागरी 'त'चा क्रमांक आणि कन्नड 'त'चा क्रमांक यांत ८९६चा फरक आहे, आणि 'प', उकार, हलन्त यांतही तेवढाच. म्हणून प्रत्येक कन्नड चिन्हातून ८९६ वजा करणारी चार ओळींची आज्ञावली संपूर्ण कन्नड शब्दयादी देवनागरीत आणते. अशी देवनागरी रूपे कन्नड कोशाच्या पर्यायी शब्दांच्या फाइलीत घातली की 'तुप्प' देवनागरीत टंकूनही कन्नड नोंद उघडते. ऱ्हस्व ए व ओ यांच्यासाठी देवनागरीच्या विभागात चिन्हे आहेत, पण मराठी कळफलकावर ती सहसा नसतात. त्यांच्या जागी नेहमीचे ए, ओ धरणारे आणखी एक पर्यायी रूप द्यावे लागते.

टर्मिनलवरील देवनागरी

टर्मिनलची घडण एका चौकोनात एक अक्षर या हिशोबाने झाली आहे. देवनागरीतील वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते पण नंतर साठवली जाते, जोडाक्षर अनेक चिन्हांचे असते. त्यामुळे जुन्या 'एक्सटर्म'मध्ये मराठी मजकूर तुटका दिसतो. वेलांटी भलत्या जागी जाते, हलन्त सुटा पडतो. शोध तरीही बरोबर चालतो, बिघाड केवळ दिसण्याचा असतो. 'एमएलटर्म' हे टर्मिनल भारतीय लिप्यांची जोडाक्षरे नीट दाखवते. 'ईमॅक्स' या संपादकाच्या २७.१ आणि त्यापुढील आवृत्त्यांत आज्ञा चालवल्यास अक्षरे व्यवस्थित उमटतात. यांपैकी काही नसेल तर एसडीसीव्हीचे उत्तर फाइलीत वळवून नेहमीच्या मजकूर-संपादकात उघडणे हा सर्वांत सोपा मार्ग.

टंकनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक अधिक भरवशाचा आहे, कारण त्यात कोणत्या कळीने कोणते चिन्ह साठवले जाते ते निश्चित असते. उच्चारानुसारी पद्धतींत एकच शब्द दोन मार्गांनी टंकला जाऊन वर सांगितलेली द्विरूपे नकळत तयार होतात, आणि रफाराचे अदृश्य जोडचिन्ह बहुधा तेथूनच शिरते. नवा कोश बांधताना सर्व शब्दयादी एकाच कळफलकाने टंकलेली असेल, किंवा 'यूकॉन्व्ह' या आज्ञेने प्रमाणीकरण करून नंतर जोडचिन्हाचा वेगळा नियम लावलेला असेल, तर पुढचा पुष्कळ त्रास वाचतो.